न आलेल्या मेसेजचे पैसे

सोफावाल्या काकूंचं दुकान म्हणजे एका गॅरेजचा अर्धा भाग. जुने सोफे उसवायचे, स्प्रिंगा आवळायच्या, नवं कापड चढवायचं. नवरा गेल्यावर धंदा त्यांनी एकटीने रेटला. ओठांत खिळे धरून काम करायची सवय, त्यामुळे बोलणं थोडं, पण जे बोलत ते टोचायचं.

एकदा कापडाच्या दुकानात त्यांचं कार्ड चालेना. बँकेत गेल्यावर कळलं, खातं जवळजवळ रिकामं. कुठल्याशा परक्या शहरातल्या एटीएम मशीनमधून कोणीतरी पैसे काढत होतं. कार्ड मात्र काकूंच्या पर्समध्येच होतं.

काउंटरवरच्या साहेबाने मान वर न करताच सांगितलं, पिन तुम्हीच कोणाला तरी दिला असणार. वर नव्या कार्डाचे पैसे कापले जातील, हेही ऐकवलं. काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पैसे निघत होते तेव्हा मेसेज का आला नाही, असं त्यांनी विचारलं. नेटवर्क नसेल, साहेब म्हणाला.

"मेसेजचे पैसे न चुकता कापता. तेव्हा बरं नेटवर्क असतं!"

घरी सून म्हणाली, "आई, गेलं ते गेलं. बँकेशी कुठे भांडत बसता?"

पण पैशांपेक्षा तो आरोप काकूंना झोंबला होता. दुसऱ्या दिवशी त्या थेट मॅनेजरपुढे बसल्या.

"पिन मी दिला, असं सहीनिशी लिहून द्या. मी गप्प बसते."

मॅनेजरने पेन उचललं नाही.

सासूला खोटं पाडतात हे कळल्यावर सुनेनेही पदर खोचला. पोलिसांत तक्रार, मग बँकांवर देखरेख ठेवणाऱ्या वरिष्ठ कार्यालयात ऑनलाइन तक्रार, सगळं तिने केलं. काकू उधारीच्या कापडावर सोफे शिवत राहिल्या. व्यापाऱ्यापुढे मान खाली घालताना त्यांच्या जिवाची काहिली व्हायची. चौकशीत निघालं की काकू पैसे काढायच्या त्या बाजारातल्या एटीएमला कोणीतरी चोरटं यंत्र बसवलं होतं, त्यातून कार्डांची नक्कल झाली होती आणि पिनही चोरले गेले होते. फसलेले आणखीही बरेच होते.

काही महिन्यांनी पैसे जमा झाले. काकू बँकेत गेल्या तेव्हा मॅनेजरने चहा मागवला आणि उपकार केल्यासारखं म्हणाला, "झालं ना तुमचं काम?"

"पैसे आले. मला खोटं ठरवलंत, त्याचं काय?"

काकू चहा न पिता उठल्या. नव्या कार्डाचे आणि न आलेल्या मेसेजचे पैसे बँकेने अजून परत केलेले नाहीत. त्याची तक्रार या वेळी काकूंनी स्वतः केली.