गणपतशेठचं लिव्हर आणि चिक्कीचा पाक

आमच्या लोणावळ्याच्या दवाखान्यात औषधांपेक्षा किस्सेच जास्त साठायचे. औषधं निदान बाटलीत बसायची, किस्से कुठं ठेवणार? साठच्या दशकात मी तिथं आप्पा वैद्यांचा कंपाउंडर होतो. आप्पा शेवग्याच्या शेंगेसारखे सडसडीत, पण जाड माणसांच्या लिव्हरवर त्यांचा भारी जीव. रस्त्यानं कुणी पोट घेऊन चालला की दारातून बघत म्हणायचे, "यकृत सुजलंय. येईल."

आणि तो यायचा. मग भुईआवळीचा काढा, वर कुटकीचं चूर्ण. दोन्ही इतकं कडू की पेशंट आपला आजारच विसरायचा.

*

बंगल्यावर हवापालटाला आलेले एक मुंबईकर साहेब म्हणाले, "वैद्यराज, आज डबल डोस द्या. रात्री पार्टी आहे."

आप्पांनी तो समोर बसवून पाजला. दुसऱ्या दिवशी साहेब पडलेल्या चेहऱ्यानं परत आले. "पुलाव कडू, बासुंदी कडू. यजमानांना वाटलं, मी रागावलोय."

*

पण आमचे खरे पेशंट गणपतशेठ चिक्कीवाले. मूळचे कार्ल्याचे, बाजारात भट्टी, आणि पोट भट्टीएवढंच. आप्पांनी बजावलं, "दसऱ्यापर्यंत सूज उतरली नाही, तर पुण्याला मोठ्या हॉस्पिटलात जायचं."

शेठ एकदम लहान झाले. "आप्पा, थोरला भाऊ असाच पोट फुगून तितं गेलता. परत न्हाई आला." मला त्यांची फार दया आली.

आठवड्यानं आप्पांनी विचारलं, "काढा घेता ना?"

"व्हय, दिसातनं दोनदा. वर चिक्कीचा तुकडा, तोंड गोड कराया."

आप्पांनी रागानं काढा तीनदा केला. शेठनी तुकडेही तीन केले.

*

मग आप्पांनी चालणं सांगितलं. रोज सकाळी कार्ल्याच्या लेण्यांपर्यंत चढायचं. शेठ एसटीनं फाट्यावर उतरायचे, स्टॉलवर भजी खायचे आणि पुढच्या एसटीनं परत.

"चढलात का?"

"आमी त्या डोंगराखालीच जलमलो, आप्पा. आता पाव्हन्यावानी बघाया कसं जायाचं?"

*

शेवटी हुकूम सुटला: भुईआवळी स्वतः उपटून आणा. आम्हाला पाला-मुळ्या आणून देणारी बेडशाची ठकूमावशी त्यांना घेऊन गेली. झाड वीतभर, वाकल्याशिवाय हाती येत नाही. शेठना वाकता येईना. मग ते बांधावरच बसले आणि बसल्या बसल्या सरकत उपटत निघाले.

संध्याकाळी मावशीनं गाठोडं टाकलं. "भुईआवळी लय घावली, आप्पा. पन बांध न्हाई ऱ्हायला."

*

खरी गोम भट्टीवर होती. दर घाण्याचा तुकडा मालकानं दाताखाली मोडायचा असा रिवाज. कट्ट वाजला तर पाक जमला, नाहीतर चिक्की चिवट. शेठ दिवसभर मोडत असायचे. हे कळल्यावर आप्पा कडाडले, "उद्यापासून एक तुकडाही नाही."

"मग पाक कोन बघनार? बाजारात नाव जाईल."

"कुणालाही दाखवा."

शेठनी विचार केला. "तुमी खोटं बोलत न्हाई. तुमीच बघा."

पेशंटच्या जिवाचा प्रश्न होता. आप्पा कबूल झाले. दर घाण्याला बशी दवाखान्यात यायला लागली. आप्पा डोळे मिटून तुकडा मोडायचे आणि गंभीरपणे म्हणायचे, "जमलाय." पुढं पुढं म्हणायचे, "नीट कळलं नाही, अजून एक बघू."

दसऱ्याला शेठ टेबलावर आडवे झाले. आप्पांनी बराच वेळ पोट दाबून पाहिलं. सूज उतरली होती.

"पुन्याला न्हाई ना जायाचं?"

"नाही."

शेठच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं. त्यांनी आप्पांना सोनं दिलं आणि चक्क कमरेत वाकून नमस्कार केला. आशीर्वाद द्यायला आप्पाही वाकले, तशी त्यांच्या कोटाची दोन बटणं तुटून शेठच्या पायाशी घरंगळली.

शेठनी ती उचलली. आप्पांच्या पोटाकडं नीट पाहिलं. मग माझ्याकडं वळून शांतपणे म्हणाले, "कंपाउंडर, काढ्याची बाटली आना. आन् मावशीला निरोप द्या, उद्या आप्पा येत्यात बांधावर."