अर्ध्या टाकीवर थांबणारा चोर

“चोर आहे तो! गुन्हा नोंदवा, आत्ताच्या आत्ता बेड्या घाला!”

मुंबईकर असा ओरडला की ठाणे अंमलदाराचा चहा कपातून बशीत आला आणि, खोटं सांगत नाही, बंदरातल्या दोन होड्या आपोआप सुटल्या. फौजदारकीतून निवृत्त होऊन मला काही वर्षं झाली, पण तो आवाज माझ्या कानातून अजून निघालेला नाही.

फिर्यादी मूळचा रत्नागिरीजवळच्या किनाऱ्यावरचा, धंद्यानं मुंबईचा. सुट्टीला येताना जुनी, लाल, दोन माणसांची स्पोर्ट्स कार घेऊन आला होता. गाडी इतकी बुटकी, की कोंबडी तिच्यावरून उडी मारून पलीकडे जाई. तक्रार अशी, की संध्याकाळी टाकी फुल्ल करावी आणि सकाळी बघावं तर अर्धी! संशय चुलतभावावर. तो मासेमारी करणारा. दोघांची घरं एकाच सामाईक खळ्याला, म्हणजे अंगणाला, लागून, आणि होडीच्या इंजिनाला पेट्रोल लागायचंच. खबऱ्यानंही कानात सांगितलं, “सायेब, त्याच्या पडवीत भरलेला कॅन हाय.”

चुलतभावाला ठाण्यात बोलावलं. गडी सुरमईसारखा ताठ, पण डोळ्यांत पाणी. दुसऱ्याच दिवशी त्याच्या मुलीचा साखरपुडा. चोरीचा गुन्हा दाखल झाल्याचं कानावर गेलं असतं, तर वेळणेश्वरहून येणाऱ्या नवऱ्याकडच्या पाहुण्यांच्या गाड्या हातखंब्याच्या फाट्यावरूनच माघारी वळल्या असत्या.

“कॅन कुणाचा?” मी विचारलं.

“माझा. पंपावरनं आणलेला. देवीपुढं नारळ ठेवून सांगतो.”

“आणि गाडीतलं पेट्रोल?”

“सायेब, त्या गाडीतलं पेट्रोल माझ्या इंजिनात कोण घालील?”

काय तो बाणा! मी मनातल्या मनात सॅल्यूट ठोकला. मग फिर्यादीकडे वळलो. “टाकी रोज अर्ध्यावरच थांबते?”

“रोज! अगदी मापून नेतो हरामखोर!”

इथं माझी ट्यूब पेटली. देवळाची घंटा नेणारे चोर मी पाहिलेत. लोलक ठेवून जाणारा एकही पाहिला नाही.

गुन्हा नोंदवण्याआधी जागा बघू म्हणून सकाळी साध्या कपड्यांत निघालो. जीप मुद्दाम वाडीबाहेर ठेवली. फिर्यादीची आई शेणाची बादली घेऊन खळं सारवत होती.

“पाय उचला, सायबानू.”

“रोज सारवता, मावशी?”

“मग? लेकाच्या गाडीखाली रोज डाग पडतो मेला. घासलेटावानी वास मारतो. आज घरात साखरपुडा, पाव्हणे नाक दाबून बसतील काय?”

घ्या! ज्या पोरीसाठी माऊली राबत होती, तिच्याच बापाला सोडवणारा पुरावा ती रोज शेणाखाली गाडत होती. वर चार हातांवर तुळशीपुढं दिवा! एक ठिणगी उडती, तर अख्खी वाडी थेट लक्षद्वीपला उतरली असती.

दोन शेजारी साक्षीला उभे केले, टाकी भरायला लावली, खाली परात सरकवली. टप, टप, टप. ती टाकी पत्र्याचे दोन भाग मधोमध सांधून केलेली. वर्षानुवर्षं उभं राहून आणि खारा वारा खाऊन तो सांधा गंजला होता. पेट्रोल सांध्यापर्यंत उतरायचं आणि गळती थांबायची. चोर पत्र्याचा निघाला!

मुंबईकरानं भर खळ्यात चुलतभावाचे हात धरले, आणि दुपारी पाहुण्यांना पेढे वाटायलाही तोच पुढं. मला आग्रहानं जेवायला बसवलं. सोलकढी मी किती प्यायलो ते सांगत नाही. समुद्राला ओहोटी लागली एवढंच सांगतो.

या प्रकरणानं मला शिकवलं, की हाव अर्ध्यावर थांबत नाही. जिथं थांबते तिथं चोर शोधू नये, भोक शोधावं. हात धुताना हेच तत्त्वज्ञान मी चुलतभावाला ऐकवलं आणि पाठ थोपटली. “तुझं ते बोलणं मला पटलं होतं बघ. त्या गाडीतलं पेट्रोल कोण घालील!”

तो माझ्या हातावर पाणी ओतत म्हणाला, “एकदा घातलं होतं, सायेब. इंजिनातनं गंज निघाला.”