हेजबऱ्याची एलन

सुलेखाला एखादी गोष्ट अर्धवट सोडणं जमायचंच नाही. स्टुटगार्टच्या एका कंपनीत ती गाड्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका हुडकायची, आणि तीच सवय घरीही चालायची. तिच्या लेकीला, अन्वीला, शाळेत श्टामबाउम, म्हणजे वंशवृक्ष, काढायला सांगितलं होतं. घराण्याचं झाड सुलेखाच्या पणजीपर्यंत चढलं आणि तिथे अडलं. अन्वीने चौकट रिकामी ठेवून गृहपाठ देऊन टाकला. सुलेखाने मात्र कंबर कसली.

पणजी इंग्रज होती. पणजोबा श्रीधरपंत डॉक्टरकी शिकायला विलायतेला गेले, पहिल्या महायुद्धात तिथल्याच इस्पितळात राबले आणि परतले ते बायको घेऊन. पुण्यात एलनची लीलाबाई झाली, नऊवारी नेसू लागली. तिचं माहेर कुठलं, हे कोणी खोदून विचारलं नाही. मोठ्या जमीनदाराची मुलगी, एवढंच नातेवाईक एकमेकांना सांगत राहिले.

तिला पाहिलेलं माणूस आता एकच उरलं होतं, तिचे नातू म्हणजे सुलेखाचे विलासकाका. सुलेखाने त्यांना फोन लावला. लीलाबाईंचं माहेरचं आडनाव काकांना ठाऊक नव्हतं. पण गाव हेजबरा, हे ते ठामपणे सांगत होते. आणखी एक गोष्ट त्यांच्या लक्षात होती. आजूबाजूला कोणी नसलं की आजी आपल्या मुलाला, म्हणजे सुलेखाच्या आजोबांना, 'रूबेन' म्हणून हाक मारायची. का, ते कोणालाच माहीत नव्हतं.

हेजबरा नावाचं गाव इंग्लंडच्या नकाशावर सापडेना. सुलेखाने सुचतील तितकी स्पेलिंगं करून पाहिली. तिचा नवरा श्यामकांत म्हणाला की काकांचं वय झालंय, नाव भलतंच असेल. तिलाही तसंच वाटायला लागलं होतं.

एका शनिवारी सकाळी ती कणीक मळत होती. श्यामकांत बाहेरच्या खोलीत लॅपटॉपवर बातम्या लावून बसला होता. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरचे कडे समुद्र पोखरतोय, काठावरची घरं जाताहेत, असं काहीतरी चाललं होतं. निवेदिकेने गावाचं नाव घेतलं आणि सुलेखा कणकेच्या हातांनी तशीच धावत आली.

"मागे घे. काय म्हणाली ती?"

त्याने पुन्हा लावलं. हेजबरा. अगदी काका म्हणायचे तसंच. खाली पडद्यावर मात्र जे लिहिलं होतं ते वाचायला गेलं तर 'हॅपिसबर्ग' व्हावं. त्या गावाचं नाव लिहितात एक आणि बोलतात वेगळंच. लीलाबाईंच्या तोंडून ऐकलेला उच्चार काकांनी जसाच्या तसा जपला होता, आणि सुलेखा त्याला स्पेलिंगात शोधत बसली होती.

पोळ्या त्या दिवशी श्यामकांतने केल्या. सुलेखाने १९०१ची जनगणना उघडली. गावात एलन नावाच्या मुली बऱ्याच निघाल्या. ती एकेक घर वाचत गेली. कुठे मच्छीमार, कुठे शेतमजूर, एक पाववाला. मग एक ओळ आली. विल्यम लार्टर, धंदा लोहारकाम. बायको, मुलगी एलन, वय सात. आणि तिच्याखाली धाकटा मुलगा, रूबेन.

चर्चच्या जुन्या नोंदवहीत दोघांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी मिळाल्या, आईबापांची नावं तीच. १९११च्या जनगणनेत एलन त्या घरात नव्हती. ती जवळच्या नॉरिच शहरात एका डॉक्टरच्या घरी मोलकरीण होती. तिथूनच ती पुढे श्रीधरपंतांच्या इस्पितळात कामाला गेली असणार.

जमीनदाराची मुलगी नव्हे, हे काकांना सांगायला सुलेखाला जरा जड गेलं. पण 'लोहाराची मुलगी' हे ऐकताच काकांचा आवाज एकदम तरुण झाला.

"अगं, दारात टांगा थांबला की आजी पदर खोचून घोड्याचा पाय उचलायची आणि नाल तपासायची. टांगेवाले तिला वचकून असायचे. आम्हाला वाटायचं, इंग्रज बायका असंच करत असतील."

मग दोघंही फोनवर किती तरी वेळ हसत राहिले.

आता सुलेखाला रूबेनचं पुढे काय झालं ते हवं होतं. हेजबरा ज्या परगण्यात येतं त्या नॉरफकमधल्या वंशावळी जुळवणाऱ्या हौशी मंडळींना तिने ईमेल केला. उत्तर आलं ते भलत्याच दिशेने, उत्तर जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगहून. पीटर लार्टर हा रूबेनचा नातू. तरुणपणी ब्रिटिश सैन्यातून तिथल्या छावणीत आला, एका जर्मन मुलीशी लग्न केलं आणि तिथलाच झाला. आजोबांची बहीण हिंदुस्थानात गेली आणि तिची पत्रं पुढे बंद झाली, इतकंच त्याला माहीत होतं. जर्मनीत येऊन बरीच वर्षं झाली होती सुलेखाला, आणि हा माणूस रेल्वेने एका दिवसात गाठता येईल इतक्या जवळ राहत होता.

पुढच्याच सुट्टीत तिघं ब्राउनश्वाइगला गेली. स्टेशनवर सत्तरी ओलांडलेला उंच माणूस उभा होता. त्याने हात पुढे केला, मग तो हात तसाच राहिला आणि त्याने सुलेखाला सरळ जवळ घेतलं. एरवी पाहुण्यांसमोर गप्प बसणारी अन्वी गाडीत त्याच्या शेजारी बसली आणि जर्मनमध्ये तिने प्रश्नांचा भडिमार सुरू केला. आपण याला काय म्हणायचं, काका की आजोबा, हेही तिने त्यालाच विचारलं. आपल्यालाही ते कळत नाही, असं तो म्हणाला.

दुपारी पीटरच्या घरून त्यांनी पुण्याला व्हिडिओ कॉल लावला. विलासकाका नवा सदरा घालून बसले होते. दोघं म्हातारे कॅमेऱ्याजवळ सरकून एकमेकांना हात करत राहिले. काकांचं इंग्रजी गडबडलं.

अखेर पीटरने विचारलं, "ती सुखात होती का?"

"हो. शेवटपर्यंत घरात सगळ्यात मोठ्याने हसायची तीच," काका मराठीतच म्हणाले. सुलेखाने ते वाक्य पीटरला इंग्रजीत सांगितलं, मग त्याच्या बायकोसाठी पुन्हा एकदा, जर्मनमध्ये. पीटर उठून स्वयंपाकघरात गेला आणि कॉफीचे कप मांडताना डोळे पुसत राहिला. मग जेवायच्या टेबलावर श्यामकांत आणि तो डिसेंबरात पुण्याला जाण्याची तिकिटं बघायला लागले.