कोऱ्या गळ्याचा न्यूट

ग्लासगोच्या एका हॉस्पिटलात एक्स-रे काढणारी सुमेधा कारखानीस पालीला इतकी घाबरायची, की सांगलीला माहेरी गेली तरी खोलीत शिरताना आधी भिंती बघायची. स्कॉटलंडात घरात पाली नसतात, याचं तिला फार सुख होतं.

२००६च्या एप्रिलमध्ये एका रविवारी ती नवऱ्याबरोबर शहराबाहेरच्या रानात फिरायला गेली. ओढ्याच्या कडेला, उन्मळून पडलेल्या झाडापाशी थोडं पाणी साचलं होतं. त्यात काहीतरी वळवळलं.

"अहो, पाल!" तिनं शशिधरचा कोट घट्ट धरला.

"पाल कधी बुडी मारते का?" शशिधर हसला.

खरंच, तो प्राणी तळाशी जाऊन आरामात बसला होता. सुमेधा भीतभीत पुढे सरकली आणि तिथेच खिळून राहिली. घरी येईपर्यंत तिच्या तोंडी दुसरा विषय नव्हता.

लायब्ररीत तिला निसर्गप्रेमींच्या एका ग्रुपचा नंबर मिळाला. पुढच्या रविवारी त्यातली मोरॅग नावाची निवृत्त शिक्षिका गमबूट चढवून त्यांच्याबरोबर आली. तिनं जाळीनं तो प्राणी अलगद पकडून पाणी भरलेल्या पारदर्शक डब्यात सोडला.

"हा न्यूट. बेडकाच्या नात्यातला. अंगावर खवले नाहीत, बघ," मोरॅग म्हणाली. "पण इथे दोन न्यूट अगदी सारखे दिसतात. हा कुठला, ते तू शोध. खालून गळा बघ."

सुमेधानं डबा उजेडात धरला. "गुलाबीसर. एकही ठिपका नाही."

"आणि शेपूट?"

"टोकाला बारीक दोरा आहे. अय्या, मागच्या बोटांमध्ये बदकासारखा काळा पडदा!"

"मग हा पामेट न्यूट, नर. दुसऱ्याच्या गळ्यावर ठिपके असतात. अंडी घालायला यांना असं संथ पाणी लागतं, आणि नंतर लपायला ओली लाकडं."

"मी ओळखला! मी!" सुमेधा आनंदानं ओरडली.

मे महिन्यात ती तिथेच शेवाळावर पालथी पडली होती. न्यूटची मादी पाण्यातल्या पानावर अंडं ठेवून मागच्या पायांनी पान दुमडत होती.

"अहो, या ना! विडे लावतेय ती!"

शशिधर इस्त्रीच्या पँटसकट शेजारी आडवा झाला. कुत्रा फिरवायला आलेल्या एका बाईंनी घाबरून विचारलं, "काही लागलंय का तुम्हाला?"

"छे हो," सुमेधा मान न वळवता म्हणाली, "तुम्हीही या. भरपूर जागा आहे."

बाईंनी क्षणभर विचार केला, कुत्रा झाडाला बांधला आणि त्याही पालथ्या झाल्या.