वाजवायचा ड्रम

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले. पण कुणी जुनी केस सांगा म्हटलं की मला आधी तो ड्रम आठवतो.

लातूर जिल्हा नवा होता आणि दुष्काळ पडला होता. मी शहरात फौजदार होतो. दुष्काळनिधीसाठी मैदानावर एका वृद्ध शाहिरांचा संध्याकाळचा कार्यक्रम ठेवला होता. त्यांच्याआधी नांदेडच्या चार तरुणांचा रॉक बँड वाजणार होता. त्यांच्यातला ड्रमवाला, पोस्टातला कारकून, सकाळीच ठाण्यात आला. मैदानाजवळ उभ्या टेम्पोतून त्याचा मोठा ड्रम चोरीला गेला होता.

ठाणे अंमलदाराने मान वर न करता विचारलं, "किती लिटरचा?"

त्या दिवसांत पाण्याचे ड्रम रोज चोरीला जात.

"लिटरचा न्हाई साहेब, वाजवायचा हाय," तो रडकुंडीला येऊन म्हणाला.

शिपायांनी भंगारवाले पालथे घातले. हाती काही लागलं नाही. दुपारी एक बाई भांडण घेऊन आल्या. मैदानासमोरच्या चहावाल्याने टँकरच्या रांगेत भलामोठा ड्रम लावला होता. "आमची एकेक घागर, अन् ह्याला अर्धा टँकर लागंल. लई चमकून राहिला तो. चांदीवानी कड हाय."

पाण्याच्या ड्रमला चांदीसारखी कड नसते. कड ऐकताच मी टोपी घातली.

चहावाला आधी म्हणाला, बाजारातून घेतला. मी विचारलं, "मग ह्याचं झाकण कुठंय?"

तो खाली बघायला लागला. "झाकण निघंना साहेब. दोन्हीकडून बंद. म्हणून एक बाजू कापली."

"पाणी थांबलं असतं त्यात?"

"टँकर आल्यावर कळलं असतं."

पंचनामा केला, गुन्हा नोंदवला. पण मुद्देमाल कोर्टाच्या हुकुमाशिवाय देता येत नाही. कोर्ट सुटायला अर्धा तास होता. मी स्वतः अर्ज घेऊन धावलो, हुकूम मिळवला आणि कोर्ट मागेल तेव्हा ड्रम हजर करायची हमी, म्हणजे सुपूर्दनामा, लिहून घेऊन ड्रम परत दिला. कापलेला पडदा बघून तो कारकून मटकन खाली बसला.

ड्रम सापडला का, हे विचारायला शाहीर ठाण्यात आले होते. त्यांनी वाकून ड्रमच्या शाबूत बाजूवर बोटं आपटली.

"आमच्या डफाला एकच बाजू असती बाबा. ऊठ, वाजव."

त्याने तो वाजवला. शाहिरांसाठी आलेले लोक आधी हाताची घडी घालून बसले होते. तिसऱ्या गाण्याला टाळ्यांनी ताल धरू लागले. शाहीर विंगेत उभे राहून मांडीवर ठेका देत होते.

सकाळभर शिपाई फिरवून जे सापडलं नाही, ते एका भांडणातून सापडलं. त्यानंतर बदली झाली त्या प्रत्येक ठाण्यात मी एक नियम केला: रांगेतलं भांडण घेऊन कुणी आलं, तर त्याला खुर्ची द्यायची आणि पूर्ण ऐकून घ्यायचं.