नानांनी जोडलेली गाडी

ती घटना मी विसरलेलो नाही, आणि विसरावी असे मला वाटतही नाही.

तेव्हा मी धुळे जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी चालू असताना खबऱ्याचा फोन आला. एका खेड्यात चोरीची व्हॅन कापून दुसरी गाडी तयार होत होती.

आम्ही गेलो. गोठ्याशेजारी एक विचित्र वाहन उभे होते. इंजिन, चाके, स्टिअरिंग जुन्या व्हॅनचे. सांगाडा घरीच वेल्डिंग करून जोडलेला, अगदी जमिनीलगत. मागे दरवाजासारखा एक लोखंडी पत्रा. चेसिस क्रमांक असायला हवा तिथे नव्हता. आम्हाला तेवढे पुरले. पंचांसमक्ष गाडी जप्त केली.

बनवणारे साठीचे लोहार होते. गाव त्यांना नाना म्हणे. आमच्या हवालदाराने टोमणा मारला, "नाना, हाई गाडी शे का खाटलं?"

"खाटलंच शे भाऊ. खाटलावरना माणूससाठे शे."

आम्ही हसलो.

त्यांची पत्नी कमरेखाली लुळी होऊन घरात पडून होती. पाठीला जखमा झाल्या होत्या. दर आठवड्याला नाना तिला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून धुळ्याला मलमपट्टीला नेत. उचलताना जखमा पुन्हा फाटत. हे सारे त्यांनी चौकशीत सांगितले. मी ते जबाबात लिहून घेतले आणि पुन्हा विचारले, "क्रमांक का घासला?"

"घासा नही, साहेब. चेसिसनी दांडी लांब व्हती, कापी टाकी. तुकडा कोठेतरी लागना व्हई."

"व्हॅनची पावती?"

"शिरपूरना भंगारमाईन लेयेल शे. भंगारनी पावती कोन देस?"

मला ही उत्तरे सराईत वाटली. मी त्यांना रोज बोलावून दिवसभर ठाण्यात बसवून ठेवू लागलो.

अकराव्या दिवशी मुद्देमाल हलवताना मागचा पत्रा सुटून जमिनीला टेकला. तो दरवाजा नव्हता. खाट ढकलत आत नेण्यासाठीचा उतार होता. त्याला खालून आधाराची पट्टी जोडली होती, आणि पट्टीवर क्रमांक स्पष्ट दिसत होता. लोहार चांगले लोखंड फेकत नाही, एवढी साधी गोष्ट आमच्यापैकी कोणाला सुचली नव्हती. क्रमांक तपासला. चोरीची नोंद नव्हती. मालकाने व्हॅन भंगारात दिली होती.

त्या दिवशी नाना ठाण्यात आले नव्हते. मी स्वतः त्यांच्या घरी गेलो. अंगणात बायका बसल्या होत्या. पत्नी पहाटे गेली होती. त्या अकरा दिवसांत मलमपट्टी चुकली, जखमांचे विष अंगात भिनले.

"गाडी घेऊन जा, नाना," मी म्हणालो.

"आते कोन बसी, साहेब?"

तशी गाडी नोंदणीशिवाय रस्त्यावर आणणे बेकायदाच होते, असे मी स्वतःला पुष्कळदा सांगितले आहे. ते खरेही आहे. गेल्या वर्षी माझी पत्नी अंथरुणाला खिळली. तिला खुर्चीतून जिना उतरवायला चौघे लागत, आणि प्रत्येक पायरीला ती डोळे मिटून घेई. आता तीही नाही.

या प्रकरणाने काय शिकवले, असे लोक विचारतात. त्या दिवसांत मी नानांना क्रमांक कुठे आहे हे रोज विचारले. तो पत्रा कशासाठी आहे, हे एकदाही विचारले नाही.