लाँच होईपर्यंत

गल्लीतले लोक म्हणायचे की प्यो जे-सॉपला खेळण्याचा पगार मिळतो. तळमजल्यावर लाँड्री चालवणारी ओक-बुन आजी तर कपडे घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला सांगे, "वरच्या मजल्यावरचा तो प्यो बघितलास? बेचाळिशी उलटली, बायको नाही, पोर नाही, आणि दिवसभर कंप्युटरवर तलवारी फिरवतो. बाप खाणीत कोळसा उपसून मेला, लेक बसून खेळतो." समोरच्या दुकानातला भाजीवाला त्यात भर घाली, "पण आजी, खेळून इतका दमलेला माणूस मी पाहिला नाही. रोज हरत असणार बिचारा." प्योचा क्रम ठरलेला. शर्ट इस्त्रीला द्यायचा, पावती घ्यायची, मान लववायची आणि जिना चढायचा.

दमण्याची गोष्ट मात्र खरी होती. गुरो भागातल्या आमच्या कंपनीत तो खेळ तपासण्याच्या विभागात होता आणि मी खेळाडूंच्या तक्रारींना उत्तरे देणाऱ्या टेबलावर. दोघांच्या मध्ये फक्त एक कपाट होते, त्यामुळे त्याचे काम मी जवळून पाहिले. आमच्या ऑनलाइन खेळाचे नाव 'सातवा किल्ला'. त्यातल्या प्रत्येक भिंतीला आपले पात्र नेऊन टेकवायचे आणि ते भिंतीतून आरपार पलीकडे पडते का हे बघायचे, हे प्योचे काम. भिंती चार हजारांहून अधिक होत्या. दर गुरुवारी प्रोग्रॅमवाले खेळात दुरुस्त्या करीत, आणि दर शुक्रवारी प्यो पहिल्या भिंतीपासून पुन्हा सुरुवात करी. तलवार त्याने क्वचितच उपसली असेल.

त्याच्या करारात एकच महत्त्वाचे वाक्य होते. नेमणूक खेळाच्या अधिकृत लाँचपर्यंत, आणि लाँच झाल्यावर महिन्याभरात कायम नोकरी. ह्याआधीच्या दोन कंपन्यांतही त्याने असाच करार केला होता, आणि ते दोन्ही खेळ बाजारात येण्याआधीच गुंडाळले गेले होते. आमच्याकडे कायम माणसांच्या गळ्यात ओळखपत्राची निळी पट्टी असे आणि कराराच्या माणसांच्या गळ्यात करडी. चुसॉक ह्या सुगीच्या सणाला आणि नववर्षाला निळ्या पट्टीला गोमांसाची पेटी मिळे, करड्या पट्टीला खाण्याच्या तेलाच्या दोन बाटल्या. प्यो त्या बाटल्या घेऊन डोंगरातल्या गावी आईकडे जाई. आई बाटल्या उचलून कपाटात ठेवी आणि काही विचारत नसे. "विचारलं असतं तर बरं झालं असतं," असे तो मला एकदा म्हणाला होता.

तिसऱ्या वर्षी संचालक यॉम यांनी जाहीर केले की 'सातवा किल्ला' खुल्या चाचणीसाठी, म्हणजे ओपन बीटासाठी, सर्वांना मोकळा होणार. मात्र आत शिरायचे तर आधी सुरुवातीचा संच विकत घ्यावा लागेल. प्योने त्या बैठकीत हात वर केला. तो बैठकीत सहसा बोलत नसे, म्हणून सगळे वळून बघू लागले.

"साहेब, चाचणी संपली की खेळाडूंची पात्रं पुसली जाणार का?"

"छे! पैसे भरलेत त्यांनी. पुसली तर इमारत जाळतील आपली."

"मग चाचणी कशाची?"

"सर्व्हर किती भार सोसतो त्याची. प्यो, तुम्ही भिंती बघा."

सगळे हसले. प्योही थोडासा हसला.

आमच्याकडे नवे काम उघडताना गोसा, म्हणजे देवांना नैवेद्य मांडून पूजा, केल्याशिवाय कुणी दाराला हात लावत नाही. यॉम साहेबांनी जाणकाराला विचारून शुभ दिवस काढला, आणि हसऱ्या चेहऱ्याचे डुकराचे मुंडके आणण्यासाठी दोन माणसे सकाळीच बाजारात पाठवली. देवांसमोर वाचायचे निवेदन लिहिण्याचे काम प्योकडे आले, कारण आजोबांनी लहानपणी गिरवून घेतल्यामुळे कुंचल्याचे अक्षर आमच्यात फक्त त्याचेच नीट होते. त्याने कच्चा मसुदा पेन्सिलीने लिहून साहेबांना दाखवायला नेला. मी तेव्हा तिथेच सही घ्यायला उभा होतो.

"हे काय लिहिलंत? 'आज खुली चाचणी सुरू होत आहे'?"

"आपल्या नोटिशीत तसंच आहे, साहेब."

"अहो, नोटीस लोकांसाठी असते. चाचणीला कुठला देव जेवायला येतो? उद्या काही बिघडलं तर देवच म्हणतील, चाचणी म्हणालात ना, भोगा." साहेबांनी लाल पेनाने शब्द खोडला आणि वर स्वतःच्या हाताने लिहिले, 'लाँच'. "असं लिहा. सरळ."

प्योने तसे नव्या कागदावर कुंचल्याने लिहिले. दुपारी सर्व्हरच्या खोलीपुढे टेबल मांडले गेले. मुंडके, लाल चवळीचा वाफवलेला तांदळाचा केक, सुकवलेला मासा आणि तांदळाची दारू. साहेबांनी मोठ्या आवाजात वाचले की आज आम्ही 'सातवा किल्ला' लाँच करीत आहोत, गिऱ्हाईक भरपूर यावे आणि सर्व्हर पडू नये. चाळीस माणसांनी ते ऐकले. एकेकाने मुंडक्याच्या तोंडात पैशांचे पाकीट खोचून जमिनीवर डोके टेकवले. शेवटी रिवाजाप्रमाणे निवेदन ताटात जाळले, आणि आगीची घंटा वाजू नये म्हणून पहारेकरी पंखा धरून उभा राहिला. प्योने सगळ्यांत खाली वाकून नमस्कार केला. उठताना त्याने गुडघे झटकले आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "झाला बुवा एकदाचा."

दुसऱ्या दिवशी तो करार घेऊन कर्मचारी विभागात गेला. तिथल्या सो बाई वयाने त्याच्याहून बऱ्याच लहान, पण माणूस वाईट नव्हे.

"प्योदादा, लाँच कुठे झालाय अजून? पडद्याच्या कोपऱ्यात लिहिलंय बघा, ओपन बीटा."

"काल साहेबांनी सगळ्यांसमोर वाचलं."

"मी पण होते की. पण ते गोसातलं, दादा. फाइलमध्ये मी काय लावू? राख?"

सर्व्हर तिसऱ्या दिवशी पडला. मग दर आठवड्याला पडू लागला. माझ्या टेबलावर तक्रारींचा पूर आला, आणि त्या सगळ्यांना एकच छापील उत्तर होते की खेळ अद्याप खुल्या चाचणीच्या टप्प्यात असल्याने गैरसोयीबद्दल क्षमस्व. एका खेळाडूने त्यावर उलट लिहिले होते, "पैसे घेताना दुकान उघडं, आणि माल नासका निघाला की चाचणी. तुम्ही नक्की कोण आहात ते एकदा ठरवा." ते पत्र मी प्योला वाचून दाखवले. तो म्हणाला, "ह्याला छापील उत्तर पाठवू नकोस. काहीच पाठवू नकोस."

दुपारी सूपच्या दुकानात ह्यावर नेहमी वाद होई. चित्रविभागातला एक मुलगा म्हणे की पैसे घेतले तो लाँच, बाकी सगळे शब्द. दुसरा म्हणे की कंपनी म्हणेल तेव्हाच लाँच, कारण खेळ तिचा. मग पहिल्याने सूप वाढणाऱ्या बाईंनाच मध्ये ओढले.

"मावशी, तुम्ही पुरते पैसे घेऊन आम्हाला नुसतं चाखायला सूप दिलं, तर ते जेवण म्हणायचं की चव बघणं?"

"पैसे दिलेस ना? मग गिळ आणि ऊठ. बाहेर माणसं उभी आहेत."

सगळे हसले. प्यो भाताचा शेवटचा घास सूपमध्ये बुडवत म्हणाला, "मावशींना आपल्या कायदाखात्यात घ्या."

अशी दोन वर्षे गेली. दोन चुसॉक, दोन नववर्षे, आठ तेलाच्या बाटल्या. भिंती आता पाच हजारांवर गेल्या होत्या. पडद्याच्या कोपऱ्यातले 'ओपन बीटा' हे दोन शब्द तसेच होते, आणि संच विकले जात होते. एका शुक्रवारी प्योने खणातून तो पेन्सिलीचा मसुदा काढला. तो त्याने जपून ठेवला होता हे मला ठाऊक नव्हते. तो सरळ यॉम साहेबांच्या खोलीत गेला, आणि दार उघडेच राहिल्यामुळे आम्ही सगळ्यांनी ऐकले.

"हे अक्षर आपलं आहे, साहेब?"

"माझंच. कुठून काढलंत?"

"इथे आपण लाँच लिहिलंय."

साहेब मनापासून हसले. "प्यो, अहो ती देवांशी बोलणी होती. तुमच्याशी माझा करार वेगळा आहे."

प्योने कागदाची पहिलीच घडी पुन्हा घातली, मान लववली आणि जागेवर येऊन बसला. उरलेल्या दिवसात त्याने दोनशे भिंती तपासल्या. मी मोजत नव्हतो, पण त्याच्या तक्त्यावर खुणा दिसत होत्या. कामगार कचेरीत तक्रार कर, असे मी त्याला सुचवले. तो म्हणाला, "तिथे चाळीसजण लागतील, ऐकलं म्हणणारे. तू येशील?" मी लगेच हो म्हणालो नाही. त्याने पुन्हा विचारले नाही.

वसंतात खेळ बंद झाला. खेळाडू घटले होते आणि कंपनीने पुढचा खेळ हाती घेतला होता. शेवटची नोटीस मीच टाइप केली: 'सातवा किल्ला' खेळाची खुली चाचणी आज समाप्त होत आहे, सहभागाबद्दल आभार. लाखभर लोकांनी पैसे भरून खेळलेला, गावोगावच्या पोरांनी शाळा बुडवून खेळलेला तो खेळ कागदोपत्री कधी लाँचच झाला नाही, आणि त्यामुळे प्योचा करार ज्या दिवसाची वाट बघत होता तो दिवस यायचा राहून गेला.

त्याच आठवड्यात त्याला बोलावणे आले. यॉम साहेब आणि सो बाई दोघेही होते, आणि त्याचे सामान उचलून न्यायला मदत म्हणून मी दाराशी उभा होतो. टेबलावर नवा करार होता. खेळ नवा, वाक्य तेच.

"तुमच्यासारखा माणूस आम्हाला सोडायचा नाही," साहेब म्हणाले. "तुमच्याइतक्या भिंती कुणी बघत नाही."

सो बाईंनी पेन पुढे केले. "करा दादा सही. ह्या वेळी नक्की. लाँच झाला की कायम."

प्योने कागद दोनदा वाचला. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा एकदा वाचला. साहेब कंटाळले.

"काय झालं? आमच्यावर विश्वास नाही का तुमचा?"

"नाही," प्यो म्हणाला. "लाँच खोडा, तारीख घाला."